जोतीरावांचे मृत्युपत्र आणि सावित्रीबाईंच्या हातातले टिटवे



आपल्या शहापूर-मुरबाड भागातल्या गावांत लग्नकार्य बौद्ध पद्धतीने करायला आता सहसा कोणी अडखळत नाही. त्रिशरण-पंचशील होते, वधूवर प्रतिज्ञा घेतात, मंडळी जेवून घरी जातात. घरात मयत झाले म्हणजे मात्र गोष्ट बदलते. दुःखाने घरच्यांचे डोके ठिकाणावर नसते. अशा वेळी भावकीतला कोणी वडीलधारा पुढे होतो आणि टिटवे कोणी धरायचे, डोके कोणी भादरायचे, दहाव्याला कावळ्याला काय ठेवायचे, हे सगळे भराभर ठरवून टाकतो. जो गेला त्याने जिवंतपणी काय सांगून ठेवले होते, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. ज्यांच्या घरात अलीकडेच दीक्षा झाली आहे, त्यांनी हा अनुभव घेतला नसेल तर पुढे घ्यावा लागेल. म्हणून आज आसनगावातून मी आपल्याला एका मोठ्या माणसाच्या शेवटच्या इच्छेची हकीकत सांगणार आहे.

हा माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. भगवान बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर बाबासाहेबांनी ज्यांना आपले तिसरे गुरू मानले, ते हे जोतीराव. 1946 साली शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांनाच अर्पण केला. जोतीरावांनी मुलींची शाळा काढली हे आपल्या घरातले चौथीचे पोरही सांगेल. मी शाळामास्तर आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकाची रीत मला ठाऊक आहे. जन्म कधी, शाळा कधी, ग्रंथ कोणते आणि शेवटी मृत्यू 28 नोव्हेंबर 1890. धडा तिथे संपतो. मृत्यूनंतर त्यांच्या दारात काय घडले, ते त्या धड्यात नसते. आपल्याला आज तेच पाहायचे आहे. पण त्यासाठी आधीचे थोडे सांगितले पाहिजे.

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 चा. वडील गोविंदराव, जातीने माळी, फुलांचा धंदा करणारे. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होण्याच्या सुमारासच वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर या बाईंनी त्यांना वाढवले. 1840 साली नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्न झाले, तेव्हा नवरा तेरा वर्षांचा आणि नवरी नऊ वर्षांची होती. 1848 मध्ये पुण्यात भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. शिकलेल्या बायकोला तिथे शिकवायला उभे केले. सनातनी मंडळी खवळली. त्यांनी गोविंदरावांवर दडपण आणले आणि 1849 साली बापाने मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले.

वाचकहो, ही घराबाहेर काढल्याची गोष्ट आपण ध्यानात ठेवा. जोतीरावांच्या आयुष्यात भावकीचा धाक पहिल्यांदा असा आला, आणि शेवटी मेल्यावर तो त्यांच्या तिरडीपाशीही येऊन उभा राहणार होता.

पुढे 1852 मध्ये महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा झाली. त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला सरकारने पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार केला. 1863 साली विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी आपल्या घरी सोय केली. त्या काळी फसवल्या गेलेल्या विधवेला एक तर विहीर जवळ करावी लागे किंवा पोटच्या पोराच्या नरड्याला नख लावावे लागे. अशा बाईने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे, असे त्यांनी जाहीर केले. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1874 साली आपला म्हणून घेतला. त्याचे नाव यशवंत. त्यांना स्वतःचे मूल नव्हते.

1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या जवळजवळ साठ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्याच वर्षी गोविंदराव वारले. ज्या बापाने घराबाहेर काढले त्याच्याविषयी जोतीरावांच्या मनात कडवटपणा राहिला नव्हता. पण बापाचे श्राद्ध त्यांनी घातले नाही, कावळ्याला पिंड ठेवले नाहीत. वर्षाच्या दिवशी आंधळ्या-पांगळ्यांना आणि गोरगरिबांना जेवण दिले, शिकणाऱ्या पोरांना पुस्तके वाटली. आज आपल्यातली काही कुटुंबे पुण्यानुमोदनाच्या दिवशी शाळेतल्या मुलांना वह्या देतात. भावकीतले काही जण याला नवे खूळ म्हणतात. त्यांना हे 1868 साल सांगावे.

1873 साली दोन गोष्टी झाल्या. गुलामगिरी हे पुस्तक निघाले आणि 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. या समाजाने सांगितले की निर्मिक आणि माणूस यांच्या मध्ये दलाल नको. लगेच त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटाशिवाय लग्न लागले. नामकरण, लग्न, घरभरणी ही कार्ये भटाला न बोलावता करता येतात हे सत्यशोधकांनी खेड्यापाड्यांत दाखवून दिले. बाकी राहिला मृत्यू. लग्न मोडले तर पुन्हा जुळवता येते, म्हणून तिथे माणूस धीर करतो. मयताच्या वेळी मात्र भल्याभल्यांचा धीर सुटतो, कारण गेलेल्याचे काही चुकले तर त्याला गती मिळणार नाही ही भीती पिढ्यान्पिढ्या अंगात भिनलेली असते. त्या भीतीवरच दहावे-तेरावे चालत आले आहेत. जोतीरावांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात, सार्वजनिक सत्यधर्मात, जन्म आणि लग्नाबरोबर प्रेताचा आणि श्राद्धाचाही विचार केला आहे, तो याचमुळे.

आता मृत्युपत्राकडे येऊ.

जोतीराव नुसते लेखक नव्हते, ठेकेदारही होते. सरकारी बांधकामांची कंत्राटे ते घेत. 1876 ते 1882 या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे ते सभासद होते. कागदाची किंमत त्यांना पक्की ठाऊक होती. तोंडी इच्छा माणसाबरोबर जाते, नोंदवलेला कागद मागे राहतो, हे ते जाणून होते. 10 जुलै 1887 रोजी त्यांनी मृत्युपत्र केले आणि ते रीतसर नोंदवून घेतले. तेव्हा त्यांचे वय साठ होते आणि पुढच्या वर्षी त्यांना घेरणारा आजार अजून आलेला नव्हता. हातीपायी धड असताना, शांत डोक्याने त्यांनी हे लिहिले.

त्या कागदात मिळकतीची व्यवस्था होती. सावित्रीबाई आणि यशवंत यांची सोय होती. यशवंत दुसऱ्या जातीच्या विधवेच्या पोटी जन्मलेला, त्यामुळे त्याच्या दत्तकपणाला शास्त्राचा किंवा भावकीचा आधार मिळणे शक्य नव्हते. मृत्युपत्र नसते तर त्या पोराच्या हाती काही लागले नसते. पण बापाची माया आंधळी नव्हती. यशवंत शिकला नाही, उनाड निघाला, तर माळी, कुणबी, धनगर वगैरे समाजांतला दुसरा लायक मुलगा बहुमताने निवडावा आणि त्याच्याकडून कार्य चालवावे, अशीही तजवीज त्यांनी त्यात केली होती. वारस रक्ताने ठरवू नका, लायकीने ठरवा, असा याचा अर्थ. 1887 सालात हे लिहिणाऱ्याची छाती केवढी असेल!

दुसरा भाग देहाविषयी होता. आपले प्रेत जाळू नये, मिठात घालून पुरावे, असे त्यांनी लिहिले. अंत्यविधीच्या वेळी ब्राह्मणाची, किंवा ब्राह्मणाचे अनुकरण करणाऱ्या त्यांच्या अनुयायाची सावलीसुद्धा आपल्या देहावर पडू देऊ नये, असेही लिहिले. लिहून ते थांबले नाहीत. राहत्या घराच्या मागे त्यांनी हयातीतच खड्डा खणवून ठेवला होता. जरा विचार करा. रोज मागच्या दाराने ये-जा करायची आणि आपलीच जागा डोळ्यांनी पाहायची. घरच्या माणसांनीही ती पाहायची. त्या घरात मरणाचा बाऊ उरला नसावा.

मीठ कशाला, असे वर्गातली मुले मला विचारतात. मीठ ओलावा शोषून घेते, त्यामुळे देह लवकर सडत नाही. मासे खारवून सुकवणाऱ्या आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या मुलखात ही गोष्ट अगदीच नवखीही नव्हती. संन्यासी-गोसाव्यांना समाधी देताना खड्ड्यात मीठ भरण्याचा रिवाज आहे. लिंगायत प्रेत पुरतात. आपल्या समाजातही पूर्वी ठिकठिकाणी पुरण्याचाच प्रघात होता, कारण सरणापुरती लाकडे विकत घेण्याची ऐपत सगळ्यांची नसे. तेव्हा पुरणे काही जगावेगळे नव्हते. जगावेगळे होते ते असे की पुण्यासारख्या शहरात, सरण रचण्याची चाल असलेल्या माळी जातीतल्या, घरदार सांभाळणाऱ्या माणसाने, आपल्याच परसात, जिवंतपणी जागा करून ठेवली आणि सरकारी कागदावर तसे नोंदवले.

1888 साल उजाडले. 11 मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा भरली आणि लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. लिहिता हात गेला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायची सवय केली आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. ते छापून निघाले 1891 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. 1889 च्या फेब्रुवारीत यशवंताचे लग्न हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लागले. अंथरुणाला टेकलेल्या बापाने ते डोळ्यांनी पाहिले. डॉ. विश्राम रामजी घोले हे सत्यशोधक मित्र त्यांच्यावर उपचार करीत होते. पण दुखणे उतरले नाही, आणि 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले.

इथून पुढची गोष्ट आपण नीट ऐका.

खड्डा तयार होता. कागद तयार होता. मीठ आणायला पैसे लागतात तेवढे मित्रांनी घातले असते. पण राहत्या वस्तीत प्रेत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. इंग्रजी अमलात प्रेते पुरण्या-जाळण्याच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि घरे, विहिरी, माणसे दाटीने असलेल्या पेठेत पुरू देणे हे आरोग्याच्या दृष्टीने गैर मानले जाई. ज्या नगरपालिकेत जोतीराव सहा वर्षे बसले, तिचीच ही आडकाठी होती. माझ्या मते यात नगरपालिकेला फार दोष देता येणार नाही. वस्तीतल्या पाण्याची काळजी जोतीरावांनीच आयुष्यभर केली होती. पण घरच्यांच्या जिवाची त्या वेळी काय घालमेल झाली असेल! मेलेल्याने मागितलेली एक गोष्ट, तीही स्पष्ट लिहून ठेवलेली, आणि ती करता येत नाही. शेवटी दहन करायचे ठरले.

दहन म्हटले की टिटवे आले. तिरडीच्या पुढे मडके घेऊन चालायचे, सरणाभोवती फिरायचे, अग्नी द्यायचा. जो टिटवे धरतो तो वारस, ही भावकीची समजूत. म्हणून जोतीरावांचे पुतणे आडवे आले. यशवंत रक्ताचा नव्हे, जातीचा नव्हे, त्याला हा मान नाही, असा त्यांचा दावा होता. मृत्युपत्र नोंदवलेले असूनही हा वाद झाला. कागद कचेरीत चालतो, पण अंगणात तिरडी असताना तो उघडून वाचून दाखवायचा कोणी, आणि ऐकायचा कोणी? आपल्या गावातसुद्धा असेच होते की नाही, ते आपणच सांगा.

तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. एकोणसाठ वर्षांची ती बाई, नवऱ्याचा देह समोर. त्यांनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले, प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या आणि सरणाला अग्नी दिला. ज्या काळात बाईने स्मशानाच्या वाटेला पाऊल टाकायचे नसे, त्या काळात पुण्यासारख्या शहरात हे घडले. पुतण्यांना उत्तर देण्यासारखे काही राहिले नाही. यशवंताचा हक्क नाकारायचा तर त्यांना बायकोचाही हक्क नाकारावा लागला असता, आणि हातात मडके घेऊन चालत निघालेल्या सावित्रीबाईंना अडवायची हिंमत कोणाला होणार?

मृत्युपत्रात हे कुठे लिहिलेले नव्हते. जोतीरावांना दहनच नको होते, मग टिटव्याचा विचार ते कशाला करतील? उलट टिटवे धरणे ही जुनी रूढीच होती. पण ती रूढी सावित्रीबाईंनी अशा हातात नेली की तिचा उद्देशच उलटला. जो विधी जातीच्या आणि पुरुषाच्या वारशाची खूण म्हणून होता, त्यानेच जातीबाहेरच्या मुलाचा आणि विधवेचा हक्क राखला. आणि भट? जोतीरावांना त्याची सावलीही नको होती. आयुष्याची जोडीदारीण पुढे चालत होती तिथे मंत्र म्हणायला भटाची गरजच उरली नाही. जाळू नका, मिठात पुरा, हा इच्छेचा वरचा भाग कायद्यापुढे टिकला नाही. आतला भाग सावित्रीबाईंनी पदरात धरून नेला.

खड्डाही रिकामा राहिला नाही. दहनानंतर अस्थी आणल्या आणि घरामागे जोतीरावांनी स्वतःसाठी केलेल्या जागेत ठेवून पुरल्या. त्यावर समाधी झाली. पुण्याच्या फुलेवाड्यात ती आजही आहे. तिचा आकार तुळशीवृंदावनासारखा आहे, हे पाहून काही तरुण मंडळी नाक मुरडतात. मला तसे वाटत नाही. त्या काळी बहुजनांच्या परसात आदराची खूण म्हणून माणसाला जो आकार माहीत होता, तो त्यांनी बांधला. आपण पाहायचे ते त्याखाली कोण आहे ते.

इथे आपल्याला भगवंताच्या महापरिनिर्वाणाची आठवण होईल. कुशीनाऱ्याला शेवटच्या प्रवासात आनंदाला त्यांनी सांगितले होते की तथागताच्या देहाच्या संस्काराची काळजी भिक्खूंनी करू नये, ते काम श्रद्धावान गृहस्थ करतील, भिक्खूंनी आपल्या साधनेत राहावे. मल्लांनी देहाचे दहन केले, अस्थींचे आठ वाटे झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले. परमपूज्य बाबासाहेबांचा देह 7 डिसेंबर 1956 ला दादरच्या चौपाटीवर अग्नीला दिला गेला आणि आज तिथे चैत्यभूमी आहे. दहन की दफन, हा आपल्याकडे धर्माचा प्रश्न नाही. जिथे जशी सोय असेल, जसे त्या माणसाने सांगितले असेल, तसे करावे. आपल्या बावीस प्रतिज्ञांत मनाई आहे ती श्राद्धाला आणि पिंडदानाला.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी हे बोलणे आजच करा. मरणाची गोष्ट काढली की अवदसा येते, असे आजी म्हणेल. तिला जोतीरावांच्या परसातला खड्डा सांगा. तिला काय हवे ते साध्या कागदावर लिहा, तिची सही किंवा अंगठा घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मिळकतीचा प्रश्न असेल तर शहापूरला किंवा मुरबाडला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन मृत्युपत्र नोंदवून घ्या. स्वतःच्या जमिनीत पुरावे अशी कोणाची इच्छा असेल तर ग्रामपंचायतीकडे आणि तहसील कचेरीत आधीच विचारून ठेवा. प्रेत दारात असताना परवानग्या मिळत नाहीत. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ती इच्छा घरातल्या सुनेला, लेकीला सांगून ठेवा. जोतीरावांच्या घरी भावकी अडून बसली आणि कागद बाजूला पडला, तेव्हा पुढे झाली ती घरची बाईच.

सावित्रीबाईंनी त्यानंतर सत्यशोधक समाजाचे काम नेटाने चालवले. 1893 मध्ये सासवडला भरलेल्या समाजाच्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. यशवंत उनाड निघाला नाही. तो शिकला, डॉक्टर झाला. मृत्युपत्रातली ती दुसरा मुलगा निवडण्याची अट वापरायची वेळच आली नाही. 1897 साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा माय-लेकांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक प्लेग झालेले पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणले. त्या पोराचा जीव वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. ज्या यशवंताला टिटवे धरू द्यायचे नव्हते, तोच त्यांच्या उशाशी होता. पुढे 1905 मध्ये तोही प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना गेला.

ज्यांना फुलेवाडा पाहायचा असेल त्यांनी आसनगावहून लोकलने कल्याण गाठावे आणि तिथून पुण्याची गाडी धरावी. पूर्वीची गंज पेठ आता महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते, स्वारगेटहून ती जवळ आहे. 28 नोव्हेंबरला तिथे गर्दी असते. एरवीच्या दिवशी गेलात तर मुलांना सावकाश सगळे दाखवता येईल. घर पाहून झाले की समाधीपाशी थोडा वेळ थांबा आणि ही जागा कोणी, कधी आणि कशासाठी खणवून ठेवली होती ते पोरांना तिथेच उभे राहून सांगा.